आजीचा जन्म पेडण्याचा, नातवाला जायचंय आयर्लंडला: पोर्तुगीज पासपोर्टच्या साखळीत कोणाचं काय बदलतं

प्रश्न थोडक्यात असा. आजी, म्हणजे वडिलांची आई, १९४८ मध्ये गोव्यातल्या पेडण्याला जन्मली, लग्न होऊन सिंधुदुर्गातल्या बांद्याला आली, आज हयात आहे. वडील १९७२ चे, जन्म बांद्याचाच. काजूचा धंदा आहे आणि ते ग्रामपंचायतीवर निवडून आलेले आहेत. विचारणारा नातू तिशीतला, बायको आणि दोन लहान मुलं. आजीच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा, आयर्लंडला किंवा जर्मनीला जायचं, बायको-मुलांना सोबत न्यायचं, पुढेमागे आईवडिलांनाही बोलवायचं. हे होईल का, आणि गावची बाग राहील का?

होऊ शकतं. पण पासपोर्ट नातवाला हवा म्हणजे कागद फक्त नातवाचे बदलतील, असं तुम्ही धरून चालला आहात, आणि याच समजुतीमुळे सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडची घरं अडचणीत येतात. हा हक्क पिढीमागून पिढी असा साखळीने येतो. साखळीतल्या प्रत्येकाला त्याची वेगळी किंमत द्यावी लागते. ज्याला गाव सोडायचंच नाही त्यालाही.

आधी पाया समजून घ्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. मुक्तीपूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगीज कायदा जन्मापासूनचा पोर्तुगीज धरतो. त्याला नागरिकत्व नव्याने मिळवायचं नसतं, आपली जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यायची असते. भारताने १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेशाने याच लोकांना २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय नागरिक ठरवलं. तुमच्या आजीवर हे दोन्ही कायदे लागू होतात. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे-पलीकडे सोयरिकी पूर्वीपासून आहेत, त्यामुळे सिंधुदुर्गात अशा आज्या घरोघरी सापडतात.

बाबांची गोष्ट वेगळी. ते भारतात जन्मले. पोर्तुगीज नागरिकत्व कायदा १९८१ चा आहे. त्यातल्या पहिल्या कलमाप्रमाणे पोर्तुगीज आईच्या परदेशात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळतं, पण त्याने तशी इच्छा जाहीर केली किंवा जन्म तिथे नोंदवला तरच. म्हणजे बाबांना अर्जावर सही करावी लागते. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ चं कलम ९ सांगतं की नागरिकाने नोंदणीने किंवा अन्य कुठल्या मार्गाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व आपोआप संपतं. नोटीस येत नाही, सुनावणी होत नाही. ‘बाबा पासपोर्ट घेणार नाहीत, फक्त नोंद करतील’ हा एजंटांचा आवडता दिलासा. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा नियमांप्रमाणे निर्णायक पुरावा आहे हे खरं, पण पासपोर्ट घेतला नाही म्हणून कलम ९ लागूच होत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. गोव्यात निव्वळ लिस्बनच्या नोंदीवरून आमदारांच्या नागरिकत्वाचे वाद गृहमंत्रालयापर्यंत गेले आहेत. बाबांचं मतदार यादीतलं नाव जाईल, त्यापाठोपाठ ग्रामपंचायतीची जागा जाईल. नाव तसंच ठेवून मतदान करत राहिले तर तो गुन्हा होतो. आजीचीही सही घेण्याआधी तिला हे सगळं तिच्या भाषेत सांगा. ती पोर्तुगालच्या लेखी जन्माची पोर्तुगीज असली, तरी नोंद झाल्यावर तिच्या भारतीय नागरिकत्वावर प्रश्न उभा राहू शकतो.

म्हणून माझा सल्ला असा: दुसरी वाट आधी तपासा. त्याच पहिल्या कलमात नातवंडांसाठी वेगळी तरतूद आहे. आजी किंवा आजोबा पोर्तुगीज असतील आणि त्यांनी ते नागरिकत्व गमावलेलं नसेल, तर नातू मधली पिढी वगळून स्वतः अर्ज करू शकतो. अट अशी की पोर्तुगीज समाजाशी त्याचं नातं दिसलं पाहिजे. ते मुख्यतः भाषेच्या पुरेशा ज्ञानावरून ठरतं, आणि गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. या वाटेने गेलात तर बाबांची पंचायत, मतदान, सगळं जागच्या जागी राहतं. बदल्यात तुम्हाला वर्षभर नीट पोर्तुगीज शिकावं लागेल. एजंट ही वाट सुचवत नाहीत, कारण तीत त्यांना दोन फायलींऐवजी एकाच फायलीचे पैसे मिळतात. पोर्तुगालमध्ये नागरिकत्वाचे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत, तेव्हा अर्ज ज्या दिवशी कराल त्या दिवसाचा कायदा वकिलाकडून तपासून घ्या. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याचं झालं तसं तुमचं होईल असं धरू नका.

आता कागद. निम्म्याहून अधिक फायली इथेच अडकतात.

आजीच्या जन्माची मूळ नोंद पोर्तुगीज भाषेत, हाताने लिहिलेली असते. पेडणे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे त्या नोंदीची शब्दशः प्रमाणित प्रत मागा. गोव्यात तिला ‘तेओर’ म्हणतात. संगणकावरून छापून मिळणारा छोटा जन्मदाखला इथे पुरत नाही. तिथे नोंदवही नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात चौकशी करा. नोंदीत नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलेलं असणार: प्रभूचं ‘पोरोबो’, शेणवीचं ‘सिनाय’, कामतचं ‘कामोतिम’. त्याने बिचकू नका, नोंदणी कार्यालयाला ही रूपं ओळखीची आहेत.

खरी पंचाईत वेगळी आहे. आपल्याकडे लग्नात सुनेचं नाव बदलायचे. पेडण्याच्या वहीत ‘शेवंती’, बांद्याला आल्यावर ‘लक्ष्मी’. बाबांच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून लक्ष्मी, आधार कार्डावर लक्ष्मी, आणि लिस्बनला नोंदवायची आहे शेवंती. कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत. स्टँप पेपरवर ‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र केलं की काम झालं, असं बहुतेक जण समजतात; तेवढ्यावर परकी कार्यालयं विश्वास ठेवत नाहीत. जुना कागद शोधा ज्यावर दोन्ही नावं एकत्र आहेत: माहेरच्या जमिनीचं वारसपत्र, गोव्यातली वाटणी किंवा हक्कसोड, बँकेचं जुनं खातं. आजोबा-आजींचं लग्न नोंदवलेलंच नसेल तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत उशिरा नोंद करता येते. त्या वेळी लग्नाआधीचं नाव अचूक, तेओरमध्ये आहे तसंच लिहून घ्या. दाखला हातात आल्यावर दुरुस्ती करायला गेलात तर महिनोन् महिने जातात.

दुसरी अडचण बाबांच्या जन्माची, तुम्ही बाबांच्या वाटेने जाणार असलात तरी आणि आजीवरून थेट जाणार असलात तरी, कारण आजी आणि नातू यांच्यातला दुवा तेच आहेत. पोर्तुगीज कायद्यात आई-मुलाचं नातं मूल अल्पवयीन असताना प्रस्थापित झालेलं असावं अशी मूळ अट आहे. खेड्यात १९७२ चा जन्म वेळेवर नोंदला गेलेला नसणं अगदी नेहमीचं. मग लोक पन्नाशीत विलंबित नोंदणीचा आदेश मिळवतात आणि नवा कोरा दाखला पाठवतात. तो दाखला इथे कायदेशीर असतो, पण लिस्बनमध्ये त्यावर पहिला प्रश्न येतो: ही आई पन्नास वर्षांनी कुठून आली? त्यामुळे सोबत बाबांच्या लहानपणीचा पुरावा जोडा. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा चालतो, पण त्या काळी त्यात बहुधा बापाचंच नाव असायचं. आईचं नाव असलेला कागद मिळाला तर तो सोन्याच्या मोलाचा. ख्रिस्ती घरांना बाप्तिस्म्याची नोंद असते, त्यांचं काम त्यामुळे पुष्कळ सोपं होतं.

महाराष्ट्राचे दाखले आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, लावायचं. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. अपॉस्टिल लावल्यावर दाखला लॅमिनेट करू नका. भाषांतर प्रमाणित हवं. आणि कोणी ‘वहीत नोंद घालून देतो’ म्हणाला तर तिथून उठा. खोट्या नोंदीवर मिळालेलं नागरिकत्व पुढे कधीही रद्द होतं. तोवर भारतीय नागरिकत्व गेलेलं असतं आणि माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही.

समजा तुमचं नागरिकत्व झालं आणि पासपोर्ट हातात आला. त्या दिवसापासून भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, एकदाही नाही, ‘फक्त विमानतळावरून बाहेर पडायला’ म्हणूनसुद्धा नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम १२ मध्ये परकीय नागरिकाने राष्ट्रीयत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवल्यास किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार दंड आहे. स्वतःहून पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज करा, पासपोर्ट जमा करा, सरेंडर सर्टिफिकेट घ्या. उशीर केलात आणि कार्यालयानेच माहिती लपवल्याचं कारण देऊन पासपोर्ट रद्द केला, तर पुढे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं) कार्ड काढताना तो शेरा आडवा येतो. सरेंडर झाल्यावर तुम्ही स्वतःच्या घरात बसलेले परकीय नागरिक असता. देशात राहायची आणि बाहेर पडायची परवानगी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवरून घ्यावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू आहे, तेव्हा ‘चालतं इथे’ या भरवशावर राहू नका. ओसीआयसाठी भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ७अ मध्ये १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले लोक आणि त्यांची मुलं-नातवंडं स्वतंत्रपणे पात्र धरली आहेत. गोवा त्यात बसतो. तुम्ही तर मूळचे भारतीय नागरिक म्हणूनही बसता.

आता युरोप. रत्नागिरी-खेड-चिपळूणकडच्या घरांना आखाताची सवय आहे: तिथे व्हिसा मालकाच्या हातात असतो, मालक बदलला की सगळं बदललं. युरोपीय संघात तसं नाही. संघाच्या २००४ च्या ३८ क्रमांकाच्या निर्देशाप्रमाणे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क कायद्याने तुमचा असतो. सरकार तो देत नाही, असल्याची खातरजमा करून कार्ड देतं. पण हा निर्देश लागू होतो तो तुम्ही स्वतःच्या देशाव्यतिरिक्त दुसऱ्या सदस्य देशात गेल्यावर. पोर्तुगीज माणूस आयर्लंडमध्ये, जर्मनीत, नेदरलँड्समध्ये गेला की हा हक्क जागा होतो. नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइनमध्येही तो चालतो, स्वित्झर्लंडमध्ये वेगळ्या कराराने. ब्रिटन मात्र यातून गेलं. ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला तिथे राहायला, काम करायला व्हिसा लागतो. पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला काम, हे स्वप्न विकणारे अजून आहेत. त्यांना थेट नाही म्हणा.

पहिले तीन महिने कुठल्याही सदस्य देशात पासपोर्टवर राहता येतं. तीन महिन्यांनंतर तुम्ही नोकरी करत असलं पाहिजे, किंवा स्वतःचा व्यवसाय, किंवा शिक्षण, किंवा पुरेसे पैसे आणि आरोग्यविमा. नोकरी अर्धवेळ असली तरी चालते, ती खरीखुरी असावी. काम शोधणाऱ्याला साधारण सहा महिने मुभा असते, आणि खरोखर शोधतोय हे दाखवलं तर पुढेही. नोकरी तुमच्या चुकीशिवाय गेली तर त्याच आठवड्यात रोजगार कार्यालयात नाव नोंदवा. वर्षाहून जास्त काम झालं असेल तर ‘कामगार’ हा दर्जा टिकतो, कमी झालं असेल तर निदान सहा महिने. नाव नोंदवलं नाही तर काहीच टिकत नाही, आणि तुमच्यावर उभा असलेला बायकोचा हक्कही डळमळतो.

बायको आणि मुलं भारतीयच राहिली तरी त्यांचा हक्क तुमच्याइतकाच. एकवीस वर्षांखालची मुलं आपोआप कुटुंबात धरली जातात. म्हणून मुलांना पोर्तुगीज करण्याची घाई करू नका. शाळा, काम, राहणं, सगळं त्यांना भारतीय पासपोर्टवर मिळतं, आणि घरात कोणीतरी भारतीय नागरिक राहतो. इथे एक बारकावा: भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे तुम्ही भारतीय नागरिकत्वाच्या त्यागाचं घोषणापत्र दिलंत तर अल्पवयीन मुलांचंही नागरिकत्व जातं, कलम ९ ने तुमचं आपोआप गेलं तर मुलांचं जात नाही. फॉर्म कुठला भरताय ते दोनदा वाचा.

बायकोला प्रवेश-व्हिसा लागतो, पण तो मोफत आणि जलद द्यावा लागतो. दाखवायचं एवढंच: तुमचं नागरिकत्व, लग्नाचा दाखला, आणि ती तुमच्याबरोबर येते आहे किंवा तुमच्याकडे येते आहे. बँकेतली शिल्लक, तिच्या नोकरीचं पत्र, परतीचं तिकीट हे मागायचं नसतं. व्हिसा केंद्राच्या काउंटरवर पर्यटकाची यादी पुढे करतात, कारण तिथल्या मुलाला तीच ठाऊक असते. अर्जावर ‘युरोपीय संघ नागरिकाची कुटुंबीय’ हा रकाना भरा आणि निर्देशाच्या कलम ५ चा उल्लेख करून अर्धा पानाचं पत्र जोडा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, तिथला व्हिसा वेगळा. पोहोचल्यावर निवासकार्डासाठी ईयू-१ फॉर्म, मग कार्डावर ‘स्टँप ४ ईयूफॅम’ हा शेरा. जर्मनीत आधी राहण्याचा पत्ता नोंदवायचा, तो घरमालकाच्या पत्राशिवाय नोंदत नाहीत, आणि पत्त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. सगळीकडे अर्जाची पोच लगेच आणि कार्ड सहा महिन्यांत, असा नियम आहे. ती पोच जपा, कार्ड येईपर्यंत काम मिळवायला तीच उपयोगी.

आईवडिलांचं बघताना जपून. त्यांना नेता येतं ते ‘अवलंबून’ असले तरच. बायकोच्या आईवडिलांनाही हाच नियम. काजूचा चालता धंदा असलेले बाबा अवलंबून आहेत हे पटवणं कठीण. पुढे धंदा बंद केला तर नियमित पैसे पाठवल्याचा बँकेतला माग लागतो: दर महिन्याला, त्यांच्या खात्यावर, औषधपाण्याला आणि घरखर्चाला पुरेल एवढी रक्कम. गणपतीला येणाऱ्या ओळखीच्या हाती रोख पाठवण्याची आपली रीत इथे मारक ठरते, कारण तिचा कागदच नसतो. ‘मी सांभाळीन’ अशी नुसती हमी पुरेशी मानायला देश बांधील नाहीत, हे युरोपीय न्यायालयाने २००७ च्या जिया खटल्यात स्पष्ट केलं आहे. भाऊ-बहिणींना तर हक्क नाहीच. त्यांच्या अर्जाचा नीट विचार करणं एवढंच देशावर बंधन.

तुमच्या पत्नीला हे स्वतंत्र सांगा, कारण हा हक्क तिचा आहे आणि बहुतेकींना तो ठाऊक नसतो. घटस्फोट झाला तर लग्न निदान तीन वर्षांचं, त्यातलं एक वर्ष त्या देशातलं असेल, तर तिचा राहण्याचा हक्क टिकू शकतो. घरात छळ झाला असेल तर या मुदतीआधीही टिकू शकतो. पाच वर्षं सलग कायदेशीर राहिल्यावर कायमचा वास. वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त गावी राहिलात तर सलगता तुटते, बाळंतपण किंवा गंभीर आजार अशा कारणाने एकदा बारा महिन्यांपर्यंत सूट. कायमचा हक्क मिळाल्यावर सलग दोन वर्षं बाहेर राहिलात तर तो जातो. नकार आला तर तो लेखी, कारणांसह आणि अपिलाच्या मुदतीसह द्यावा लागतो. तोंडी ‘नाही होत’ ऐकून परत फिरू नका.

राहिली बाग. आज तुमच्या नावावर असलेली जमीन नागरिकत्व गेल्याने जात नाही. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) कलम ६(५) ने भारतात राहत असताना घेतलेली किंवा वारसाने आलेली मालमत्ता ठेवता येते. नवी शेतजमीन, बागायत, फार्महाऊस मात्र परदेशात राहून विकत घेता येत नाही, ओसीआयला नाही आणि अनिवासी भारतीयालाही नाही. बक्षीसपत्रानेही नाही, वारसाने चालतं. बाबा तुमच्या नावावर बाग बक्षीसपत्राने करू पाहत असतील तर ते तुम्ही भारतीय नागरिक आणि इथले रहिवासी असतानाच उरकलं पाहिजे. नाहीतर मृत्युपत्र करून ठेवायचं. विकायची वेळ आली तर ग्राहक भारतात राहणारा भारतीय नागरिक हवा, आणि कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे तो शेतकरीही हवा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव अजून तसंच असेल, सामायिकात दहा जण असतील, तर वारस नोंद आणि फेरफार तुमच्या भारतीय आधार-पासपोर्टवर आत्ताच करून घ्या. परदेशी पासपोर्टवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळवत तलाठ्याकडे खेपा घालणं, तेही वर्षातून पंधरा दिवसांच्या रजेत, फार जड जातं. लिस्बनला फाईल पाठवण्याआधी हे काम पुरं करा.